दुसऱ्याचा कौल

तक्रार आली ती एका मुंगीमुळे.

डोंबिवलीला राहणाऱ्या आमच्या गावच्या एका गृहस्थांनी फ्लॅट विकावा की नाही, याचा कौल देवीकडे मागितला होता. त्यांच्या मेहुण्याने दुबईत बसून नोकरी सोडावी का असं विचारलं होतं. दोघांनाही डावा कौल आला, म्हणजे 'नको'. इथवर काही बिघडलं नव्हतं. पण गणपतीला दोघं एका घरी जमले, त्यांनी एकमेकांना आपापली चित्रफीत दाखवली, आणि दोन्हींत पाकळी गळण्याआधी देवीच्या खांद्यावरून एक काळी मुंगी चालत गेली. त्याच वेगाने, त्याच जागी थबकून. दोघांनी विचारलं होतं मात्र वेगवेगळ्या महिन्यांत.

"मुंगी रोज येत असतली," आमच्या देवस्थानचे अध्यक्ष दाजी खोत म्हणाले. "नैवेद्याच्या वासान."

"आणि रोज त्याच जागी थांबून मिशा हलवते?" मी विचारलं.

दाजींनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मी सहसा प्रश्न विचारत नाही.

कौल कसा लावतात हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आमच्या वेळुर्डे गावची देवी वेळाई काळ्या पाषाणाची आहे. काही ठरत नसलं की माणूस तिच्यासमोर जाऊन उभा राहतो. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे त्या माणसाच्या वतीने सगळी हकीकत देवीला मोठ्याने सांगतो, आणि मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाची एकेक पाकळी पाण्याने चिकटवतो. उजवी आधी गळली तर होय, डावी आधी गळली तर नाही. कुठलीच गळली नाही तर देवी आज बोलली नाही असं समजून घरी जायचं. आणि एक दंडक आहे. एका गोष्टीसाठी एकदाच विचारायचं. पहिला कौल तो कौल.

पण देवळात उभं राहून विचारणारी माणसं गावात उरली नाहीत. घरं आहेत, त्यांच्या छपरांवर वीज तयार होते, ती विकली जाते, आणि घरात कोणी नसतं. शिवाय जे आहेत त्यांना चार लोकांसमोर आपलं दुःख मोठ्याने सांगायची लाज वाटते. म्हणून देवस्थानने वेबसाइट काढली. घरबसल्या प्रश्न लिहायचा. तो प्रश्न कोणी वाचत नाही. तुम्हाला फक्त एक क्रमांक मिळतो. सकाळी बाबल गुरव तो क्रमांक देवीच्या पायाशी ठेवतो, 'ह्या लेकराच्या मनातला तुका म्हायत आसा' एवढंच गाऱ्हाणं घालतो आणि पाकळ्या लावतो. समोरचा कॅमेरा ते टिपतो आणि ती चित्रफीत तुम्हाला पोचते. मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. त्यामुळे संगणकातलंही मला कळत असणार असं सगळ्यांनी धरलं आणि मला सचिव केलं. नाही म्हणायला मला जमलं नाही.

माझा कौलावर विश्वास आहे का, असं विचारलंत तर सांगता येणार नाही. पाणी सुकलं की पाकळी गळते, एवढं मला कळतं. कोणती आधी सुकेल हे कोणालाच ठाऊक नसतं आणि त्यात कोणाचा स्वार्थही नसतो. तेवढ्यावर मी समाधानी होतो.

मुंगीच्या तक्रारीनंतर कणकवलीहून हेमांगी राऊळ आली. चाळिशीच्या आतली, भरभर बोलणारी बाई. बिघडलेले सर्व्हर साफ करणं हाच तिचा व्यवसाय. दानपेटीवर तिने लॅपटॉप ठेवला आणि आम्हा तिघांना, म्हणजे दाजी, बाबल आणि मला, समोर बसवलं.

"सर्व्हर म्हणजे घर समजा," ती म्हणाली. "पुढच्या दाराला कुलूप आहे. तुमचा पासवर्ड. तो 'वेळाई१२३' आहे, त्याबद्दल मी नंतर बोलते."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"कोणीतरी मागच्या भिंतीला एक दार पाडलंय. दार म्हणजे काय, दहा-वीस ओळींची फाइल. नाव एखाद्या फोटोचं, आत मात्र हुकूम लिहिलेले. ती फाइल तिथे पडून आहे तोवर बाहेरून कोणीही आत येऊ शकतं आणि तुमच्या घरातलं सामान इकडचं तिकडे करू शकतं. तुम्हाला पुढचं दार बंदच दिसणार."

"कोण पण?" बाबलने विचारलं. "वाडीतलोच कोणीतरी मेलो असतलो."

"कोणी नाही, बाबलकाका. पूर्वी माणसं करायची हे. आता ही दारं आपली आपण पसरतात, गवतासारखी."

मग तिने जे समजावलं ते मला जसं कळलं तसं लिहितो. चूक असेल तर माझी.

पूर्वीच्या अशा फायली एकसारख्या असत. एक सापडली की तिच्या ठशावरून बाकीच्या शोधता येत. सफाईचे प्रोग्राम तेच करायचे. नव्या पिढीतल्या फायलींच्या पोटात एक छोटासा शिकणारा प्रोग्राम असतो. तो स्वतःला रोज नव्याने लिहून काढतो. काम तेच, शब्द दुसरे. त्यामुळे कालचा ठसा आज जुळत नाही. शिवाय त्याला पूर्वीसारखे नेमके हुकूम दिलेले नसतात. एकच उद्दिष्ट दिलेलं असतं: लोक या साइटवर पुन्हा पुन्हा यायला हवेत. कारण कोणी साइट उघडली की मागे, न दिसता, जाहिरातींची पानं उघडतात आणि त्यातून जगाच्या पाठीवर कुठेतरी कोणाचा तरी अगदी किरकोळ फायदा होतो. लोकांना परत कसं आणायचं, ते त्या प्रोग्रामने स्वतः शोधायचं.

आमच्या साइटवर त्याने ते शोधलं. ज्याला 'होय' मिळतं तो कामाला लागतो, परत येत नाही. ज्याला 'नाही' मिळतं तो प्रश्न जरा बदलून पुन्हा विचारतो. आणि ज्याला एकदा होय, एकदा नाही, पुन्हा होय असं मिळत राहतं, त्याला सुटताच येत नाही. म्हणून तो प्रोग्राम चित्रफितींची अदलाबदल करू लागला. खोटी चित्रफीत त्याने एकही तयार केली नाही. खोटी पकडली गेली असती. बाबलच्याच हातची, देवीच्याच अंगावरून गळलेली, खरीखुरी पाकळी. फक्त ती दुसऱ्या कोणासाठी लावलेली होती.

"ह्या त्येका शिकवल्यान कोणी?" बाबलने विचारलं.

"कोणीच नाही. त्याला देवी माहीत नाही, कौल माहीत नाही. कोण परत येतं, तेवढंच कळतं."

बाबलने आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या हातान करून घेतल्यान. मी रोज सकाळी आंघोळ करून त्याची चाकरी करी होतंय."

दाजींना वेगळीच काळजी होती. "मागच्या वर्षी पण ह्या साफ केलेला ना? मग परत इला कुठून?"

हेमांगीने पडद्यावर बोट ठेवलं. "तेच विचारायचंय. हा 'निर्माल्य' नावाचा फोल्डर कसला?"

आता हे सांगायची पाळी माझ्यावर आली. गेल्या वर्षीच्या सफाईत जुन्या चित्रफिती पुसून टाका असं सांगितलं होतं. विश्वस्तांच्या सभेत मी पुसण्याची खूण दाखवली. ती कचऱ्याच्या डब्याची होती. सभा तिथेच बिनसली. देवीच्या अंगावरून उतरलेलं फूल आपण कधी कचऱ्यात टाकत नाही. पाण्यात सोडतो, नाहीतर झाडाच्या बुंध्याशी ठेवतो. मग देवीच्या अंगावरची पाकळी ज्या चित्रात आहे ते चित्र डब्यात कसं टाकायचं? मला तो मुद्दा अगदीच चुकीचा वाटला नाही, अजूनही वाटत नाही. म्हणून मी सर्व्हरवरच एक वेगळा फोल्डर करून सगळं त्यात ठेवलं, आणि सफाईच्या प्रोग्रामला तिथे हात लावायची बंदी घातली.

हेमांगी हसायला लागली, आणि आमचे चेहरे बघून थांबली.

"म्हणजे सगळं घर धुतलं आणि देव्हाऱ्याखालचं तेवढं तसंच ठेवलं," ती म्हणाली. "हा तिथेच बसला होता. सोवळ्यात."

शेवटी मार्ग बाबलने काढला. सगळं एका डिस्कवर उतरवायचं, ती डिस्क तो देवळामागच्या बकुळीखाली पुरेल, आणि मग सर्व्हरवरचं पुसायला हरकत नाही. कारण तोपर्यंत त्यातली देवी बकुळीखाली गेलेली असेल. दाजींनी मान हलवली. हेमांगीने दुपारपर्यंत सर्व्हर कोरा केला आणि साइट नव्याने बांधायला घेतली.

"एक विचारू का?" काम करता करता ती म्हणाली. "पुसण्याआधी उतरवून घेतलेल्या नोंदींत, याने सगळ्यांत घट्ट कोणाला धरलं होतं ते दिसतंय मला. हा माणूस तर सारखाच येत होता. आणि गावातलाच आहे." तिने वर पाहिलं. "सर, हे तुमच्या घरचं वायफाय आहे."

 मग दाजी खोतांचं पोट हलायला लागलं.

"अरे पद्माकरा! ह्या वयात? कोणाचा चेडू बघलंस काय रे?"

"देवी नको म्हणता तरी ह्यो इचारताहा," बाबल म्हणाला, "म्हणजे चेडू बरा असतला."

दोघंही खोकला येईपर्यंत हसले. मी आयुष्यभर एकटाच राहिलो, त्यामुळे मुलगी बघितल्याचा हा विनोद गावात जुनाच आहे. माझे कान तापले. पण त्यांनी हसावं हेच बरं होतं. कारण विचारत होती ती सुगंधा.

सुगंधा तांडेल बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. तिचा नवरा लवू दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या वादळात, होडीसकट नाहीसा झाला. हल्ली प्रत्येक होडीवर उपग्रहाला ठावठिकाणा सांगणारी पेटी असते. लवूची पेटी त्या सकाळी बोलायची थांबली, आणि पुढे काही आठवड्यांनी कारवारच्याही खाली वाळूत सापडली. तिच्याबरोबर होडीच्या दोन फळ्या होत्या. लवू सापडला नाही.

ती माझ्याकडे येई कारण तिला चारचौघांत विचारायचं नव्हतं, आणि मी कोणाला सांगत नाही हे तिला ठाऊक होतं. कामावरून येताना पडवीत बसायची, माझा टॅब मांडीवर घ्यायची आणि प्रत्येक वेळी तेच लिहायची: तो परत येणार का? उजवा कौल आला की काही दिवस ती ताठ चालायची. डावा आला की पुन्हा यायची.

एकदाच विचारायचं असतं, हे तिला मी एकदा हळूच सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली, "काकानू, देवी आपणच मन बदलताहा. मगे मी कशाक बदलू नको?" मी टॅब तिच्या हातात दिला.

घरात तिची सासू होती. भागीरथीकाकी. तिच्या छातीत पाणी होतं आणि ती फार दिवस काढणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. ज्याचं शव मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. ते लवूचं करावं, म्हणजे लेक मोकळा झाला असं बघून मी डोळे मिटते, एवढंच म्हातारीचं मागणं होतं. बायकोने संमती दिल्याशिवाय आमच्याकडे ते करत नाहीत. आणि सुगंधा म्हणायची, देवी एकदा जरी येतलो म्हणाली तरी मी तेका जाळू कशी? एका चुलीवर जेवणाऱ्या त्या दोघी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. हात बर्फाने पांढरे पडलेले.

"चालू झाला, काकानू?"

"बस जरा," मी म्हटलं, आणि सांगितलं. मला नीट सांगता आलं नाही. मी मागच्या दारापासून सुरुवात केली, मग मुंगीवर गेलो, मग पुन्हा मागे आलो.  शेवटी ती म्हणाली, "म्हणजे मी बघी होतंय ता माझा नाय?"

"नाही."

"मगे कोणाचा?"

"कोणाकोणाचं. काही डोंबिवलीचं. त्यातला एक कौल फ्लॅट विकण्याबद्दलचा होता."

ती हसली. तसं हसणं पुन्हा कानी पडू नये.

"कोणाचो तरी फ्लॅट," ती म्हणाली. "कोणाचो तरी फ्लॅट इकाचो नाय म्हणान मी आठवडोभर जेवक नाय होतंय." मग थोड्या वेळाने, "माझो खरो खय आसा?"

"कॅमेऱ्याच्या आत सगळं वेगळं साठतं. तिथपर्यंत ते बाहेरचं पोचलं नव्हतं. हेमांगीबाई शोधू शकतील."

"पयलो तेवढो बघा. मागचे नुको. पयलो तो कौल."

"तू स्वतः बघतेस का?"

"नुको. तुमीच बघा नि सांगा." ती उठली. जाताना तिने टॅब पदराने पुसून जागेवर ठेवला.

हेमांगीने पहिली चित्रफीत काढली तेव्हा कचेरीत आम्ही दोघंच होतो. बाबलचा हात दिसला, देवीच्या दोन्ही अंगांना तगरीची एकेक पाकळी. हात मागे गेला. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, डावी, डावी.

उजवी गळली. लगेच. जणू घाई असल्यासारखी.

"म्हणजे?" हेमांगीने विचारलं.

"म्हणजे तो येईल."

ती पडद्याकडे बघत राहिली. "सर, ते फक्त पाणी सुकलं. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग सांगून टाका तिला काहीही."

"काहीही म्हणजे काय?" मी विचारलं.   इतके दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की पाकळीला काही हवं नसतं, म्हणून तिचं बोलणं माणसाने मान्य करावं. त्या प्रोग्रामला काहीतरी हवं होतं, म्हणून त्याचं उत्तर पाप. किती सोपं होतं. आता काहीच न हवी असलेली ती पाकळी समोर गळून पडली होती, आणि तिचं ऐकलं तर एक बाई जन्मभर बंदराकडे बघत बसणार होती, आणि एक म्हातारी लेकाला अडकलेला सोडून मरणार होती. सुगंधाला खरं हवं होतं. खरं हे होतं.

मी बाबलकडे गेलो. दुसरं कोणाकडे जाणार? तो देवळामागे डिस्क पुरलेल्या जागी पाणी घालत होता. मी त्याला सांगितलं.

त्याने तांब्या खाली ठेवला. "उजवो?"

"उजवा."

"देवी चुकली असा म्हणूक माझा तोंड धजूचा नाय, भाऊ," तो म्हणाला. "पण लवूक मी पवाक शिकवलंय. त्या खाडीत. तो जितो असतो तर येतलो की नाय असा देवीक इचारूची पाळीच येवची नाय. तो कधीच इलो असतो." त्याने ओल्या मातीवरून हात फिरवला. "ह्या आणखी कोणाक सांगलास?"

"हेमांगीबाईंना माहीत आहे. त्यांना त्याचं काही नाही."

"मगे आता कोणाक सांगा नको. तिका म्हणा, शिळो कौल देवचो नसता. कौलाची एक येळ असता, ती टळली. नवो लावया. देवळातच येवक सांगा तिका. सासूक घेवन."

असा काही नियम आहे का, मला माहीत नाही. मी तो कुठे वाचलेला नाही, आणि आमच्या देवस्थानचं जे काही जुनं लिहिलेलं आहे ते मी वाचलेलं आहे. पण मी सुगंधाला तसंच सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी बघलास मां?" बघितलं ना, असं तिने विचारलं, आणि मी म्हटलं, "शिळा कौल देत नाहीत." मला वाटतं, तिला कळलं की हे उत्तर नव्हतं. पण ती घरी गेली आणि वर्षाने पहिल्यांदा सासूशी बोलली: "चलतास देवळात?"

त्या सकाळी भागीरथीकाकीला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं. दाजी खोत होते, बंदरावरची थोडी माणसं होती. कॅमेरा हेमांगीने बंद करून ठेवला होता. तो गाभाऱ्याच्या दाराशी जिथे असतो तिथेच, त्याच्या शेजारी, मी उभा होतो. सुगंधा देवीसमोर येऊन थांबली. ज्यासाठी ती दोन वर्षं माझ्या पडवीत लपली, ते आता तिला गावासमोर म्हणायचं होतं.

"काय इचारूचा, बाय?" बाबलने मऊपणाने विचारलं.

तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मागून खुर्चीतून म्हातारीचा आवाज आला, फाटका, धापा टाकत. "इचार... माझ्या लवूचा करूक व्हया काय नाय. तेवढाच इचार."

सुगंधा वळली नाही. पण तिने मान हलवली.

बाबलने गाऱ्हाणं सुरू केलं. आता मनातलं तुला माहीत आहे असं त्याने म्हटलं नाही; सगळं सांगितलं. ऑक्टोबरातलं वादळ, पेटी, फळ्या, म्हातारी, सून. प्रत्येक वाक्याला माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणत होती. सांगता सांगताच त्याने पाकळ्या घेतल्या. डावी त्याने पाण्यात पूर्ण बुडवली आणि देवीच्या अंगाला अंगठ्याने दाबून धरली. दाबून धरली, आणि गाऱ्हाण्याची दोन वाक्यं होईतो तसाच राहिला. उजवी त्याने नुसती पाण्याला टेकवली आणि नुसती टेकवून ठेवली.

किंवा मला तसं वाटलं. माझा एका डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचा आहे, आणि गाभाऱ्यात समईचा उजेड असतो. दोन्ही त्याने सारख्याच लावल्या असतील. तो पन्नास वर्षं हे करतो आहे. हाताची सवय असते, एक हात जड, एक हलका. मी खात्रीने सांगू शकत नाही.

उजवी पाकळी गाऱ्हाणं संपायच्या आधीच गळली. म्हणजे होय, लवूचं करावं.

"व्हय म्हाराजा!" सगळे एकदम म्हणाले. कोणीतरी घंटा वाजवली. म्हातारीने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती रडायला लागली; रडताना तिला श्वास पुरेना, तशी दोन बायका तिला धरायला धावल्या. दाजींनी डोळे पुसले.

सुगंधा रडली नाही. ती वाकली, देवीच्या पायाशी पडलेली पाकळी तिने उचलली, तळहातावर ठेवून उलटीसुलटी करून पाहिली, जसं आपण बाजारात नोट खरी आहे का बघतो तसं. मग माणसांमधून वाट काढत ती सरळ माझ्याकडे आली.

"काकानू," ती अगदी हळू म्हणाली, "ह्यो माझोच मां?"

सर्व्हर कोरा झाला होता. मागचं दार बुजलं होतं. मूर्ती तिच्यासमोर हातभर अंतरावर होती, मध्ये कॅमेरा नव्हता, तार नव्हती, काही नव्हतं. तरी ती विचारत होती. त्या फायलीने खरं काय बिघडवलं ते मला तेव्हा उमगलं, आणि ते साफ करायला हेमांगीसुद्धा कुठून हात घालणार होती, मला माहीत नाही.

बाबल आमच्याकडे पाठ करून समईची वात सारखी करत होता. ती आधीच सारखी होती.

मला कोणी काही विचारलं की मी म्हणतो, बघून सांगतो. ग्रंथालयात ते उत्तर चालतं. माणूस थांबतो, तुम्ही कपाटात शोधता. मी तोंड उघडलं तेव्हा तेच येणार असं मला वाटलं.

"तुझाच," मी म्हणालो.

"तुमी बघलास? नीट?"

"नीट बघितलं."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कितीतरी वेळ. इतकी वर्षं माझ्या तोंडाकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. मी पापणी लववली नाही, निदान तसा प्रयत्न केला.

"बरा," ती म्हणाली. "तुमी सांगतास म्हणान."

मग ती सासूच्या खुर्चीजवळ जाऊन खाली बसली. तिने म्हातारीची मूठ उघडली, त्यात पाकळी ठेवली आणि मूठ पुन्हा मिटवली. म्हातारीने दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला.  माणसं हळूहळू पांगली, आणि मीही निघालो होतो, तेवढ्यात सुगंधाने बसल्या जागेवरून मला हाक मारली.

पळसाची पानं आपल्याकडे कुठे मिळतील, आणि दिवस कोणता चांगला, हेही तिने मलाच विचारलं.